हँडिकॅप साहेबाला, मेरिट आम्हाला

नाशकात गोल्फ क्लब आहे आणि तिथं कुणीही गोल्फ खेळत नाही. त्र्यंबक रोडवर उतरायचं असलं की रिक्षावाल्याला आपण 'गोल्फ क्लब' एवढंच सांगतो. कागदावर त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळी घालून १९१० साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलेल्या पोराचं नाव. पण लोकांच्या जिभेवर बसलाय तो साहेबाचा गोल्फच. साहेब गेला, काठ्या गेल्या, कॅडी गेले, नाव मात्र तिथंच ठाण मांडून बसलंय.

आज या मैदानावर रणजीचा सामना होतो. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र-बडोदा इथंच झाला. पुढाऱ्यांच्या सभा होतात. सकाळी चालणारे येतात, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं धावतात, टेनिस बॉलवाले कोपरा धरतात. म्हणजे मैदान जिवंत आहे. आणि जिवंत मैदानाबद्दल एक प्रश्न विचारायचाय : ते कुणाच्या मापानं आखलेलं आहे?

लगेच एखादा कार्यकर्ता तोंड वाकडं करील. भाकरीचा प्रश्न सोडून गोल्फवर काय लिहितोस? दोस्ता, जरा दम धर. आपल्या सगळ्या लढ्याच्या मुळाशी एकच शब्द आहे, 'सार्वजनिक'. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडात तो कागद पाण्यात उतरवला. चवदार तळ्याच्या पाण्याची चव घ्यायला कुणी गेलं नव्हतं. सार्वजनिक या शब्दात आपण येतो की नाही, एवढंच ठरवायचं होतं. तेव्हा सवर्णांनी कोर्टात काय सांगितलं? तळं सार्वजनिक नाही, आमचं खाजगी आहे. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं ते फेटाळलं. दहा वर्षं गेली एका शब्दापायी. पुढं घटनेच्या कलम १५ मध्ये तोच शब्द पक्का बसला. विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि लोकांच्या वावराच्या जागा.

आता बघ, हीच गोष्ट अमेरिकेत गोल्फच्या मैदानावर कशी घडली. अटलांटा शहराची गोल्फ मैदानं सार्वजनिक होती, म्हणजे फक्त गोऱ्यांसाठी सार्वजनिक. होम्स नावाच्या काळ्या कुटुंबानं दावा लावला आणि नोव्हेंबर १९५५ मध्ये सुप्रीम कोर्टानं मैदानं खुली केली. त्याच्या पुढच्याच महिन्यात, ७ डिसेंबर १९५५ ला, ग्रीन्सबरो गावात डॉ. जॉर्ज सिमकिन्स नावाचा दाताचा डॉक्टर पाच साथीदार घेऊन गिलेस्पी पार्कच्या मैदानात घुसला. फीचे पैसे टेबलावर ठेवले आणि खेळायला लागला. सहाही जणांना अटक. गुन्हा कोणता, तर खाजगी जागेत घुसखोरी. कारण नगरपालिकेनं आपलंच मैदान एका डॉलरच्या भाड्यानं एका क्लबाला देऊन टाकलं होतं. झालं खाजगी! महाडच्या वकिलाला आणि ग्रीन्सबरोच्या वकिलाला एकच युक्ती सुचली. दोघांची भाषा वेगळी, धर्म वेगळा, कातडी वेगळी. डोकं एकच.

म्हणून गोल्फ हा विषय आपला आहे. आणि त्यातही मैदानाची आखणी. कारण आता 'प्रवेश बंद' अशी पाटी कुणी लावत नाही. पाटी लावली तर केस होते. आता आखणीच ते काम करते. फाटक कुठं, किती वाजता उघडं, मुतारी आहे का, बसायला सावली आहे का, प्यायला पाणी आहे का, दिवे कुठवर. यातून आपोआप ठरतं कोण आत येणार आणि कोण कुंपणाच्या जाळीला नाक लावून बघणार. कुणाचा हात धरून हाकलायची गरजच पडत नाही.

माझा मामा एका शहरातल्या एका क्लबात कॅडी होता. साहेबाची पिशवी खांद्यावर. तो सांगायचा, कुठला उतार चेंडूला कुठं नेतो हे साहेबाला कळायचं नाही, मला कळायचं. साहेब विचारायचा आणि मामानं दाखवलेल्या रेषेवर मारायचा. चेंडू भोकात गेला की टाळ्या साहेबाला. मामाला खेळायची मुभा आठवड्यातून एकदा, क्लब बंद असतो त्या दिवशी. त्यानंच मला हँडिकॅप म्हणजे काय ते सांगितलं, आणि मी अर्धा तास हसत होतो.

हँडिकॅप म्हणजे काय? नीट ऐक. गोल्फच्या पुऱ्या मैदानात १८ भोकं. एकेक भोक सव्वाचार इंच रुंद, १०८ मिलिमीटर. कसलेल्या खेळाडूनं सगळी भोकं समजा ७२ फटक्यांत पुरी करावीत असा हिशेब असतो, त्याला पार म्हणतात. आता एखादा ढेरपोट्या शेठ ९० फटके मारतो. मग तो हरला? नाही! त्याला १८ चा हँडिकॅप. ९० मधून १८ वजा, राहिले ७२. झाला बरोबरीत. म्हणजे जो कमी खेळतो त्याला आधीच सूट, यासाठी की त्यानं तगड्या माणसाबरोबर एका मैदानात मानानं खेळावं. सूट कुणाला किती, याचा लेखी हिशेब क्लब ठेवतो. शिवाय सुरुवातीच्या जागाही वेगवेगळ्या. ताकदवाला मागून मारतो, बाई, म्हातारा, नवखा पुढून मारतो. भोक तेच, अंतर ज्याच्या त्याच्या बळाप्रमाणं.

या हँडिकॅपला कुणी 'गुणवत्तेचा खून' म्हणालंय? कुठल्या क्लबापुढं मोर्चा गेलाय? हीच मंडळी लॉनवर सूट मोजून घेतात आणि घरी येऊन आरक्षणावर अग्रलेख वाचून मान हलवतात. स्वतःला मिळाली तर ती खेळाची शान, आम्हाला मिळाली तर देशाचं नुकसान! हँडिकॅप साहेबाला, मेरिट आम्हाला. वा रे न्याय.

पण चिडून थांबायचं नाही. शत्रूच्या घरातसुद्धा कामाची हत्यारं असतात. गोल्फची मैदानं आखणाऱ्यांत डॉ. अलिस्टर मॅकेन्झी हा मोठा माणूस. त्यानं १९२० साली मैदान कसं आखावं याचे तेरा नियम लिहिले. त्यातला एक असा की मैदान अशा रीतीनं आखलं पाहिजे की अगदी नवशिक्यालाही, फटक्यांचा ढीग झाला तरी, खेळताना मजा यावी. दुसरा असा की दुबळ्या खेळाडूला वळसा घालून जायची वाट असलीच पाहिजे. एक-दोन फटके जास्त जातील, जाऊ देत. पण वाट पाहिजे. म्हणजे आखणीचं माप चॅम्पियन नाही, सगळ्यांत दुबळा गडी आहे.

या मॅकेन्झीनं बॉबी जोन्सबरोबर अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल हे मैदान आखलं. जगात गाजलेलं. आत आखणी अशी उदार, आणि फाटकावर? काळा माणूस मास्टर्स स्पर्धेत पहिल्यांदा खेळला १९७५ साली, ली एल्डर. क्लबाचा पहिला काळा सभासद १९९० साली. पहिल्या बाया सभासद २०१२ साली. पिशव्या उचलायला मात्र वर्षानुवर्षं काळेच कॅडी. तेव्हा धडा दोन्हीकडून घे : नुसती आखणी चांगली असून भागत नाही, आणि नुसतं फाटक उघडूनही भागत नाही. दोन्ही लागतात.

दोन्ही एकत्र कुठं आहेत का? बऱ्याच अंशी आहेत. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज गावात, जिथं गोल्फचं मूळ सांगतात, तिथलं जुनं मैदान कुणा क्लबाच्या मालकीचं नाही. १५५२ सालच्या सनदेत गावकऱ्यांचा तिथं गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी, सगळे खेळ खेळायचा हक्क लिहिलेला आहे. आजही रविवारी तिथं एरवी गोल्फ बंद. जगातलं सगळ्यांत नावाजलेलं गोल्फ मैदान, आणि रविवारी गावातली माणसं तिथं पोरं, कुत्री घेऊन फिरतात. पहिल्या आणि अठराव्या भोकाच्या पट्ट्यातून सार्वजनिक रस्ता आडवा जातो. बाजूला हिमालय नावाचं उंचवट्यांचं छोटं मैदान आहे, १८६७ साली बायांनी सुरू केलेल्या क्लबाचं. तिथं थोडक्या पैशात कुणीही काठी घेऊन चेंडू ढकलावा. पोरंसोरं, म्हाताऱ्या, सगळी. हिमालय आपला, मजा त्यांची!

आपल्याकडं काय? दिल्लीत डीडीएनं २००० साली कुतुब गोल्फ कोर्स काढला, देशातला पहिला सार्वजनिक गोल्फ कोर्स म्हणून. महाराष्ट्रात सिडकोनं २०१२ साली खारघरला काढला. फी भरा आणि खेळा, सभासदाची शिफारस नको. बरं वाटतं ऐकायला. पण एक पुरी फेरी म्हणजे चार तास. काठ्या, बूट, चेंडू वेगळे. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराकडं दिवसाउजेडी चार तास कुठले? आणि नवी मुंबईच्या जमिनीचा इतिहास विसरू नको. सार्वजनिक कामासाठी म्हणून शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, भावासाठी भांडले तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण मेले. सार्वजनिक कामासाठी घेतलेल्या जमिनीवर पुढं गोल्फ आला. सार्वजनिक शब्द दोन्ही वेळा तोच. अर्थ कुणी लावला ते बघ.

आता परत नाशकात, त्र्यंबक रोडवर. मॅकेन्झीचा नियम आपल्या गोल्फ क्लबाला लावू. चॅम्पियनच्या मापानं मैदान तपासायला मोठ्या संघटना आहेत. आपण दुबळ्या गड्याच्या मापानं तपासू. त्यासाठी आर्किटेक्ट नको. पाच माणसं घ्या आणि त्यांच्याबरोबर मैदानाला एक चक्कर मारा.

पहिला, नाक्यावरचा मजूर. काम मिळालं नाही की दुपारी तो कुठं टेकणार? त्याला जॉगिंग ट्रॅकचं काय करायचंय, दिवसभर त्याची जॉगिंगच चालते. त्याला झाडाची सावली, बसायला कट्टा आणि पाण्याचा नळ पाहिजे. चालणाऱ्यांच्या सोयीनं मैदान सकाळ-संध्याकाळ उघडं आणि दुपारी कुलूप, अशी वेळ कुणी लावली तर ती त्याच्यासाठी 'प्रवेश बंद'च.

दुसरी, चौदा वर्षांची पोरगी, महापालिका शाळेतली. तिला धावायचंय. मुतारी नसेल तर ती तासाच्या वर थांबणार नाही. दिवे अर्ध्या भागातच असतील तर अंधार पडायच्या आत घरी. आणि पोरांनी चार कोपरे चार पीचसाठी धरले की तिच्यासाठी कुठला कोपरा? पुढून मारायची जागा गोल्फवाला बाईला ठेवतो. आपलं मैदान ठेवतं का?

तिसरी, जवळच्या सिव्हिल हॉस्पिटलात पेशंट घेऊन आलेली बाई, पेठ-सुरगाण्याकडची. रात्र वॉर्डाबाहेर काढलेली. तिला तासभर मोकळ्या हवेत डबा खायचाय. तिला बघून कुणी 'इथं बसू नका' म्हणणार का? मैदानाच्या नियमांच्या पाटीवर काय काय मनाई आहे ते वाचा आणि प्रत्येक मनाई कुणाला लागते ते शेजारी लिहा. धावणाऱ्याला मनाई कमी असतात. बसणाऱ्याला फार.

चौथा, काठी टेकत येणारा म्हातारा. फाटकात गाड्या अडवायला दांडे लावतात, त्यातून त्याला वाट आहे का? चाकाच्या खुर्चीला आहे का? पावसाळ्यात पाणी साचलं तर तो कुठून जाणार? मैदानाचा निचरा मधल्या पीचपुरता बघायचा नसतो, कडेच्या वाटेचाही बघायचा असतो. गोल्फवाला उतार आखतो तो पाण्याला वाट मिळावी म्हणूनही.

पाचवा, ज्याला कुणीच मोजत नाही तो. गवत कापणारा, रोलर ओढणारा, कचरा उचलणारा. त्याची खोली कुठं? हत्यारं कुठं? हात धुवायला नळ कुठं? इथं पी. बाळूची आठवण काढल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पळवणकर बाळू, चांभाराचा पोर, पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर माळीकाम करणारा. पीच त्यानं राखायचं, जाळी त्यानं बांधायची आणि साहेबाला सराव म्हणून तासन्‌तास बॉलिंगही त्यानंच टाकायची. त्यातूनच असा डावखुरा तयार झाला की १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर विकेटी काढल्या. तरी चहाच्या वेळी त्याचा कप वेगळा, मातीचा, पॅव्हेलियनच्या बाहेर. मैदान कसं आहे, कुठं दबतं, कुठं पाणी मुरतं हे सगळ्यांत जास्त कळतं ते माळ्याला. माझ्या मामाला कळायचं तसं. आणि आखणीच्या मीटिंगला सगळ्यांत आधी वगळतात तेही त्यालाच.

पाचांची चक्कर झाली की मागण्या आपोआप तयार होतात. मी माझ्या लिहितो, तुम्ही वाढवा.

एक. मैदानाचं वेळापत्रक फाटकावर मोठ्या अक्षरात लावा. सामना कधी, सभा कधी, बाकी दिवस कुणाचे. आठवड्यातला एक पुरा दिवस सेंट अँड्र्यूजसारखा सगळ्यांचा. त्या दिवशी ना स्पर्धा, ना मंडप.

दोन. मुतारी, नळ, सावली, दिवे आधी. खेळाडूंच्या सोयी त्यानंतर. चॅम्पियन कुठंही खेळेल, दुबळ्याला सोय लागते.

तीन. सभा घ्यायची तर अनामत भरा. गोल्फच्या भोकाला सव्वाचार इंचांची शिस्त असते, मंडपाच्या खांबाला कसली शिस्त? खड्डे बुजवून, जमीन दाबून दिली तरच अनामत परत. हा नियम सगळ्या झेंड्यांना, आपल्या निळ्यालासुद्धा.

चार. हिरवळीला पिण्याचं पाणी नको. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळ होता म्हणून हायकोर्टानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले होते, ते आठवा. सांडपाणी शुद्ध करून तेच वापरा.

पाच. मैदानाच्या समितीवर माळी, सफाई कामगार आणि खेळणारी एक पोरगी पाहिजे. सल्ल्यापुरती नको, सहीच्या अधिकारासह.

सहा. आणि हो, गोल्फ पाहिजे! हसू नका. एका कोपऱ्यात चार-सहा भोकांचा छोटा 'हिमालय' करा. पुऱ्या कोर्सला पन्नास-साठ हेक्टर लागतात, याला एक छोटा तुकडा पुरतो. शाळेच्या पोरांना काठ्या मैदानातूनच मिळाव्यात, फुकट. नाव गोल्फ क्लब आहे ना? मग गोल्फ आमच्या पोरांनी का खेळू नये? गोल्फ श्रीमंतांचा खेळ म्हणून नाक मुरडणं हाही त्यांना तो खेळ बक्षीस देण्याचाच प्रकार. सिमकिन्सनं नाक मुरडलं नाही. फी टेबलावर ठेवली आणि काठी उचलली.

एक आक्षेप हमखास येईल. सगळ्यांना खुलं केलं की मैदान खराब होतं. सुशिक्षित लोक हे फार हळू आवाजात सांगतात. त्यांना विचारा, कुणाच्या पायांनी खराब होतं? सेंट अँड्र्यूजला रविवारी सगळं गाव फिरतं आणि मैदान शतकानुशतकं टिकलंय. राखलं की टिकतं. अनवाणी पायानं जेवढं गवत दबत नाही तेवढं ट्रक आणून स्टेज बांधल्यानं दबतं. खराब होण्याची भाषा आपण फार जुन्या काळापासून ऐकत आलोय. तेव्हा तिचं नाव विटाळ होतं.

हे शहर काळाराम मंदिराचं आहे. २ मार्च १९३० ला त्या दारापुढं माणसं बसली आणि पाच वर्षं हटली नाहीत. तिथं दार बंद होतं म्हणून कुणाशी लढायचं ते स्पष्ट दिसत होतं. इथं फाटक उघडं आहे, म्हणून काम जास्त किचकट. मोजावं लागेल, लिहावं लागेल, नकाशावर बोट ठेवून बोलावं लागेल. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशकात आराखड्यांचे ढीग झालेत. साधूंची सोय झाली, भाविकांची झाली, वाहनांची झाली. मैदानावर बसणाऱ्या माणसाचा आराखडा कुणी केलेला नाही. तो आपण करायचा.

येत्या रविवारी सकाळी सातला फाटकापाशी जमा. येताना मोजायची टेप, वही, पेन आणि आपल्या वस्तीतलं एक म्हातारं माणूस बरोबर आणा. फाटकापासून नळ किती पावलांवर, नळापासून सावली किती पावलांवर, इथून सुरुवात करू. पावलं म्हाताऱ्याची मोजायची, आपली नाही.